आधी तिला काही खायला द्या

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार जवळ आला की पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर चाळीस दिवसांची वेळापत्रकं फिरू लागतात. कोणी दुपारपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही घेणार नसतं, कोणी शुक्रवार कडकडीत काढणार असतं, कोणी ईस्टरपर्यंत मटण-मासे सोडलेले असतात. यात गैर काहीच नाही. एकादशी-चतुर्थीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला उपास म्हणजे काय ते मिशनऱ्यांनी बोटीतून येऊन शिकवायची गरज नव्हती. पण उपास धरणाऱ्यांत दरवर्षी काही नावं अशी असतात की पोटात गोळा येतो. सत्तरी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं शुगर असलेल्या, रोज सकाळी इन्शुलिन टोचून घेणाऱ्या आजी. त्यांना अडवायला गेलं तर उत्तर ठरलेलं: "प्रभूनं माझ्यासाठी एवढं सोसलं, मला एक दिवस निघत नाही का?" इंजेक्शन तर घेतलेलं असतं, पोटात मात्र काही नसतं. मग उपासना अर्ध्यावर आली की अंगाला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि शेजारची बाई पर्समध्ये गोळी-चॉकलेट शोधू लागते. नात उठून त्यांना बाहेरच्या कट्ट्यावर नेते. पुढच्या रविवारी पुलपिटावरून याच आजींच्या विश्वासाचं कौतुक होतं.

हे कौतुक थांबलं पाहिजे, असं मला वाटतं. आजींचा भाव खोटा आहे म्हणून नव्हे. त्यांच्या भावाला आपण, म्हणजे बाकीच्या मंडळीनं, चुकीची वाट दाखवली म्हणून. शरीराची हेळसांड म्हणजे भक्तीची खोली, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की तिला कोणी प्रश्नच विचारत नाही. आणि आता शहरात दुसरी एक समजूत जोमानं वाढते आहे, की शरीराचा मान राखायचा म्हणजे ज्यानं त्यानं आपापला देह जपायचा: जिम, डाएट, सकाळचं ध्यान. या दोन्ही समजुती मला ख्रिस्ती वाटत नाहीत. देहाचा मान राखणं हा साधनेचा भाग आहेच, पण ती मंडळीनं मिळून करायची साधना आहे. आणि ती सुरू होते ज्याच्या देहाला सगळ्यांत कमी मान मिळतो त्याच्यापासून.

पहिली समजूत आली कुठून? थोडी इथल्या मातीतून: देह नाशिवंत, देह म्हणजे मोहाचं घर, हे कीर्तनांतून कानावर पडतच आपण वाढतो. थोडी एकोणिसाव्या शतकातल्या मिशन बंगल्यांतून, जिथे अंगाविषयी बोलणंच असभ्य मानलं जाई. उरलेली कसर प्रेषित पौलाच्या एका वाक्यानं भरून काढली. "मी आपल्या शरीराला कुदलतो व त्याला दास करून ठेवतो," हे करिंथकरांस लिहिलेलं वचन उपवासकाळात हमखास ऐकू येतं. मात्र पौल तिथे शर्यतीत धावणाऱ्याचं आणि मुष्टियुद्ध खेळणाऱ्याचं उदाहरण देतो आहे, हे कोणी सांगत नाही. करिंथाजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, त्यामुळे वाचणाऱ्याला ते चटकन कळत होतं. तालमीत अंग पिळून काढणारा पैलवान स्वतःचा गुडघा फोडून घेत नाही.

देहस्वभावाची कामं कोणती, याची पौलानं गलतीकरांना दिलेली यादीही एकदा नीट वाचावी. जारकर्म आहे, दारूबाजी आहे, हे खरं. पण निम्म्याहून अधिक जागा वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद आणि हेवा यांनी अडवली आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीची निवडणूक जवळून पाहिलेल्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. यातल्या एकाही गोष्टीवर नाश्ता सोडणं हा उपाय नाही.

शुभवर्तमानं आणि जुना करार यांतला देव माणसाच्या अंगाची किती बारीक काळजी घेतो, हे मला दर वेळी नव्यानं चकित करतं. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळून येतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आजच्या भाषेत तो पुरता खचलेला आहे. देवदूत येतो तेव्हा तो एलीयाला प्रार्थना वाढव म्हणत नाही, विश्वास कमी पडला म्हणून कानउघाडणीही करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं असतं. ऊठ, खा, एवढंच तो सांगतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. त्यालाही कोणी हरकत घेत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट मोठी आहे. त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेबला पोहोचतो. चाळीस दिवसांचा एवढा गाजावाजा करणाऱ्या आपल्याला, त्या चाळीस दिवसांआधी दोन जेवणं आणि दोन झोपा होत्या, हे आठवत नाही.

याइराच्या मुलीचं तसंच. बारा वर्षांची पोर, घरात रडारड चाललेली. येशू तिचा हात धरून तिला उठवतो. भोवतालचे लोक आश्चर्यानं थक्क झालेले. चमत्काराच्या त्या भरात तिला भूक लागली असेल हे फक्त एकाच्या ध्यानात येतं, आणि तो म्हणतो, तिला काही खायला द्या. मार्कानं हे वाक्य टिपून ठेवलं याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. मेलेल्याला उठवणारा प्रभू पोरीच्या पोटाचं विसरत नाही. पुढे स्वतः पुनरुत्थान पावल्यावर तो शिष्यांपुढे येतो तेव्हा तेही भुतासारखं नव्हे; तो विचारतो, इथे काही खायला आहे का, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. तिबिर्याच्या किनाऱ्यावर रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांसाठी तो सकाळी कोळशावर मासळी आणि भाकर तयार ठेवतो. पेत्राशी जे गंभीर बोलायचं आहे ते न्याहारीनंतर.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकात काही पंथ म्हणू लागले की ख्रिस्ताचं शरीर खरं नव्हतंच, नुसता भास होता, कारण एवढा पवित्र देव घाम-रक्ताच्या देहात कसा राहील? चर्चनं ही शिकवण पाखंड म्हणून फेटाळली. त्या काळातल्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं तर देह म्हणजे तारणाची बिजागरी असं लिहून ठेवलं. आजही दर रविवारी आपण मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असं म्हणतो. म्हणतो आणि खाली बसतो.

स्वतःच्या अंगावर सूड उगवणारे संत चर्चच्या इतिहासात कमी नाहीत. पण त्यांच्यातल्या शहाण्यांनी शेवटी काय म्हटलं तेही सांगायला हवं. असिसीचा फ्रान्सिस आपल्या देहाला 'गाढवदादा' म्हणायचा, आणि मरणाआधी त्यानं आपण त्याचे फार हाल केले म्हणून त्या देहाची क्षमा मागितल्याचं त्याचे चरित्रकार सांगतात. इग्नेशियस लोयोलानं तरुणपणी मानरेसा गावात असे उपास केले की पोट जन्माचं बिघडलं. पुढे त्यानं उभारलेल्या येशूसंघात सगळ्यांवर सक्तीची अशी ठरावीक शरीरदंडनाच ठेवली नाही. १५४८ साली फ्रान्सिस बोर्जियाला लिहिलेल्या पत्रात त्यानं उपास कमी कर, अंगात बळ आण, असं बजावलं, कारण देह आणि आत्मा दोन्ही निर्मात्याचे आहेत आणि दोन्हींचा हिशेब द्यायचा आहे. कॅथलिक चर्चचा आजचा नियमही काही राक्षसी नाही: उपासाचं बंधन १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं सुरू होईपर्यंत, आणि आजाऱ्यांना सूट. म्हणजे रोमच्या हिशेबानं त्या आजींवर कधीचंच बंधन उरलेलं नाही. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र असा लेखी नियम नसल्यानं ज्याला जास्त सोसवतं तो मोठा, असा कारभार चालतो.

आता पुण्याचं. देहाच्या विटाळाचा प्रश्न या शहराइतका गांभीर्यानं फार थोड्या गावांनी घेतला असेल. १८९० साली गोपाळराव जोशांनी जमवून आणलेल्या बैठकीत पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी प्यायले, कोणी नुसता पेला हातात धरला. नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं. चौकशी नेमली गेली, प्रायश्चित्तं झाली. आज ही हकीकत गमतीनं सांगितली जाते. मला ती तेवढी गमतीची वाटत नाही. एका घोट चहानं माणसाचं सगळं शरीर बाटतं, असं मानणारा समाज ज्यांची सावलीही टाळत होता त्यांच्या शरीराचं काय करत असेल, याचा हिशेब तिथेच मांडलेला आहे.

मराठी मंडळ्यांतली बहुतेक कुटुंबं याच टाळलेल्या माणसांची, नगर-जालन्याकडच्या गावकुसाबाहेरून आलेली. त्यांच्या पणजोबांना सुवार्ता पोहोचली ती आधी अंगाला. पेल्याला तोंड लावणं, बाकावर शेजारी बसणं, दवाखान्यात डॉक्टरनं हातमोज्याशिवाय नाडी पाहणं. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस हातातून हातात जातो तेव्हा पाटील आणि गावाची वेस राखणारा वेसकर यांच्यातलं अंतर नुसतं तोंडानं मिटवून भागत नाही, ओठांनी मिटवावं लागतं. सगळीकडे ते मिटलं असं मी म्हणणार नाही. जात चर्चमध्येही मागच्या दारानं शिरली, लग्नं ठरताना ती आजही डोकं वर काढते. पण ज्यांच्या पूर्वजांना देहाचा मान हाच सुवार्तेचा पहिला अर्थ होता, त्यांनीच देहाला तुच्छ लेखणारी भक्ती डोक्यावर घ्यावी, हे विचित्र नाही का?

पंडिता रमाबाईंनी हे फार लवकर ओळखलं होतं. पंचहौदात काम करणाऱ्या सिस्टर ज्या वाँटेजच्या मठातल्या, तिथेच इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन त्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. केशवपन झालेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, शुभकार्यात समोर येऊ नये म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या मुलींचे देह तिथे पुन्हा माणसांत आले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो बायका-मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. नुसते हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलींना आधी आंघोळ, धडुतं, पेज आणि औषध. पुढे १९०५ साली तिथे आत्मिक जागृतीची मोठी लाट आली, तिच्यावर आपल्याकडे भरभरून बोललं जातं. रमाबाईंनी सबंध बायबल मराठीत आणलं त्यावरही. त्याआधीची पेज शिजवण्याची वर्षं मात्र 'समाजकार्य' म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकली जातात. मी त्या पेजेला प्रार्थनाच म्हणेन. जनीच्या डोक्यातल्या उवा काढणारा विठोबा ज्यांच्या घरात शतकानुशतकं गायला गेला, त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

आता गोळ्यांबद्दल बोलायला हवं, कारण उपासापेक्षा तिथे धोका मोठा आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या साक्षीच्या सभांमध्ये हल्ली एक वाक्य टाळ्या घेतं: "मी सगळ्या गोळ्या बंद केल्या." कधी बीपीच्या, कधी थायरॉइडच्या, आणि फार वेळा मनाच्या आजाराच्या. फिट येणाऱ्या मुलाच्या आईला सांगितलं जातं की औषध चालू ठेवणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलेली गोळी एका रात्रीत फेकली जाते, आणि फिटा पुन्हा सुरू झाल्या की दोष जातो आईच्या अपुऱ्या विश्वासाला. सभा घेणारा पाहुणा वक्ता तोवर पुढच्या गावी गेलेला असतो.

मला याचा राग येतो. त्याचं एक कारण आपला स्वतःचा इतिहास. मराठी ख्रिस्ती घर दाखवा आणि त्यात एखादी आत्या, मावशी, आजी नर्स नसेल असं होणं कठीण. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून, नगरच्या बूथ हॉस्पिटलात, जालन्यात, पुण्यात ससूनच्या वॉर्डांत, परक्याच्या अंगाला हात लावायला चांगल्या घरच्या मुली कचरत होत्या त्या काळी आपल्या मुलींनी जखमा धुतल्या, बेडपॅन उचलली, रात्रपाळ्या केल्या. पाय सुजेपर्यंत उभं राहिल्या. त्यांची नातवंडं आज सभेत बसून औषध सोडल्याच्या साक्षीला 'हालेलुया' म्हणतात.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. जरूर करावी, मी तिच्या विरोधात नाही. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवणं, त्याच्या खाटेजवळ गाणं म्हणणं, यानं बळ येतं. पण त्याच नव्या करारात लूक हा प्रिय वैद्य आहे, आणि निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, हे खुद्द येशूचं बोलणं आहे. चांगला शोमरोनी जखमांना तेल-द्राक्षारस लावून 'प्रभू तुझं भलं करो' म्हणत निघून जात नाही. तो उताराशाळेत नेतो, रात्रभर शुश्रूषा करतो, सकाळी दोन दिनार मोजतो आणि वर लागेल ते परतताना देईन म्हणतो. म्हणजे बिलही भरतो.

दाभोलकरांचा खून याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं त्या कायद्यानं गुन्हा ठरलं. कायद्याची मजल कुठवर जावी हा वेगळा वाद. पण मंडळीनं स्वतःसाठी ठेवायची पट्टी सरकारच्या पट्टीपेक्षा खाली असून कसं चालेल? माझी मागणी साधी आहे. ज्या सभेत औषध सोडल्याची साक्ष दिली जाईल, तिथेच पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, उभं राहून सांगावं: प्रार्थना चालू ठेवा, गोळ्याही चालू ठेवा, बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून. याला एक मिनिट लागत नाही. सांगितल्यानं सभेचा रंग उतरतो, हे मला माहीत आहे. उतरू दे.

दुसऱ्या समजुतीकडे येतो. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे वचन आता वाकड-हिंजवडीच्या तरुण विश्वासणाऱ्यांच्या टी-शर्टवर असतं, खाली डंबेलचं चित्र. त्यांना हसायचं कारण नाही. बारा तास खुर्चीत बसून पाठीची वाट लागलेल्या मुलानं व्यायाम केला तर देव कशाला रागावेल? शारीरिक कसरत थोड्या बाबतींत उपयोगी असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे; थोड्या तर थोड्या.

योगाचा वादही इथेच येतो. पुण्यात तो टाळता येत नाही, कारण मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था १९७५पासून उभी आहे आणि जगभरातून लोक, त्यांत ख्रिस्तीही, तिथे शिकायला येतात. काही मंडळ्यांत योगासनं म्हणजे थेट सैतानाला दार उघडणं. दुसरीकडे याच शहरात येशूसंघी फादर अँथनी डिमेलो यांनी सत्तरच्या दशकात 'साधना' केंद्र सुरू केलं, जे पुढे लोणावळ्याला गेलं. प्रार्थनेला बसलेल्यांना ते आधी अंगावरचे कपडे खांद्याला कसे टेकलेत, पाठ खुर्चीला कुठे लागते आहे, हे नुसतं जाणवून घ्यायला लावत. डिमेलो १९८७ साली वारले. त्यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल १९९८ साली व्हॅटिकननं इशारा दिला. तो इशारा देव आणि ख्रिस्ताविषयीच्या त्यांच्या मांडणीवर होता, पाठ ताठ ठेवण्यावर नव्हता. १९८९च्या व्हॅटिकनच्या पत्रातही शरीराच्या ठेवणीचा प्रार्थनेवर परिणाम होतो हे मान्य केलं आहे. फक्त अंगाला बरं वाटलं म्हणजे पवित्र आत्म्यानं सांत्वन केलं असं धरून चालू नका, एवढी सावधगिरी सांगितली आहे. मला ती पटते. श्वास मोजल्यानं मन निवतं, पण निवलेलं मन शेजाऱ्याकडे वळेलच असं नाही.

माझी खरी तक्रार त्या टी-शर्टवरच्या वचनाला एकटं पाडण्याबद्दल आहे. ज्या पत्रात ते आहे त्याच पत्रात पाच अध्याय पुढे पौल करिंथकरांवर उखडलेला आहे. तिथे प्रभुभोजनाला सुखवस्तू मंडळी लवकर येऊन आपापलं खाऊन घेत, आणि नंतर येणाऱ्या गरिबांना काही उरत नसे. एक भुकेला राहतो, तर दुसरा मस्त होतो, म्हणजे दारूनं झिंगतो, असं पौल लिहितो, आणि हे प्रभुभोजन नव्हेच असा निकाल देतो. त्याच्या पुढचाच अध्याय एका शरीराच्या अनेक अवयवांचा: जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांना आपण अधिक मान देतो. मंदिर असलेलं शरीर आणि उपाशी राहिलेलं शरीर यांची गाठ पौलानं अशी घालून दिली आहे. ती सोडून पहिलंच वचन छातीवर छापलं, की उरतं ते फक्त आपलं पोट किती सपाट आहे हे.

मग मंडळीनं करायचं काय? भव्य काही नाही. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, बारा ते तीनची उपासना घ्या. एप्रिलचं पुणं, पत्र्याची किंवा कौलांची जुनी इमारत, लाकडी बाक, वधस्तंभावरून येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, आणि वक्त्यांना घड्याळाचं वावडं. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. लोकांना वाटतं उपास आहे. कित्येकींच्या बाबतीत खरं कारण निराळं असतं: स्वच्छतागृह आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून, आत भारतीय पद्धतीचं भांडं, कडी मोडकी, धरायला दांडी नाही. गुडघे गेलेल्या बाईला तिथे बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही. म्हणून ती तहानेली राहते. 'मला तहान लागली आहे' या पाचव्या उद्गारावर प्रवचन चाललेलं असताना ती तहानेली बसलेली असते. यात लाक्षणिक काही नाही, प्लंबिंगचा प्रश्न आहे. अय्यंगारांनी पट्टे, विटा, खुर्च्या, दोर वापरून न वाकणाऱ्या अंगालाही आसनात सामावून घेतलं; आपल्याला अजून एक दांडी बसवता आलेली नाही. साउंड सिस्टिम मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवी येते.

आदल्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. बारा जण निवडले जातात, बहुधा कमिटीचे सभासद. ते घरून साबणानं टाचा घासून, नवे मोजे घालून येतात. पाळक चांदीच्या तस्तात त्यांच्यावर चार थेंब ओतून पांढऱ्या टॉवेलनं टिपतात, फोटो निघतो. एखाद्या वर्षी त्या बाकावर आवार झाडणारी बाई, गेटवरचा रात्रपाळीचा वॉचमन आणि ओला-सुका कचरा वेगळा करणारी मावशी यांना बसवून बघा. आधी त्यांना विचारून, अर्थातच; त्यांची इच्छा नसताना त्यांना देखाव्यासाठी बसवणं हा आणखी एक अपमान होईल. पाण्याचा रंग बदलेल एवढं नक्की.

हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, जेवणाचंही बघा. उपासना पुरुष चालवतात, लिलाव पुरुष पुकारतात, आणि महिला मंडळातल्या बायका पहाटेपासून मोठ्या पातेल्यांवर वाकलेल्या. त्या शेवटच्या पंगतीला बसतात, तेव्हा मटणाचा रस्सा उरलेला असतो, फोडी नसतात. करिंथात वेगळं काय होत होतं?

आणि घरचा रविवार. आपण शब्बाथ पाळतो, म्हणजे ऑफिसला जात नाही. पण देवळातून आल्यावर पाहुणे येणार असतात, त्यामुळे भांडी घासायला येणाऱ्या ताईंना रविवारची सुट्टी द्यायला सगळ्यांत जास्त खळखळ ख्रिस्ती घरांतच होते, असा माझा अनुभव आहे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली चौथी आज्ञा नुसती 'तू विश्रांती घे' म्हणून थांबत नाही. तुझ्या दासाला व दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा असं स्पष्ट सांगते. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपासाबद्दल देवाची तक्रार नेमकी हीच आहे: उपास करता त्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांकडून सक्तीनं काम करून घेता.

यावर मला मिळणारं उत्तर ठाऊक आहे. हे सगळं व्यवस्थापन झालं, यात अध्यात्म कुठे आहे? असं विचारणाऱ्याच्या घरी मयत होते तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे. सागवानी पेटी येते, मृताला चांगला सूट चढवला जातो, टाय नीट केला जातो, कपाळावर कोणीतरी हळूच हात फिरवतं, दफनभूमीपर्यंत खांदे बदलत गीतं म्हणत जातात. तिथे कोणी विचारत नाही की आत्मा तर गेला, आता या देहाचं एवढं कशाला? कारण तो देह उठणार आहे अशी आपली श्रद्धा आहे. तीच श्रद्धा, तोच माणूस जिवंत असताना, बाकावर कुशन टाकायला आणि पायऱ्यांशेजारी उतार बांधायला पुरत नसेल तर गडबड व्यवस्थापनात नाही.

आणि उपास? तो करावा. निरोगी माणसानं, वाचलेले पैसे कोणाच्या तरी डब्यात घालून करावा. पण राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावण्याआधी पाळकांनी दोन वाक्यं मोठ्यानं म्हणावीत: इन्शुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आजाऱ्यांनी उपास धरू नये, आणि तो न धरल्यानं त्यांचं काहीही उणं होत नाही. मागच्या दाराशी टेबलावर चहा, बिस्किटं आणि केळी ठेवावीत. पहिलं केळं पाळकांनीच त्या आजींच्या हातात नेऊन द्यावं, म्हणजे त्यांना ते सगळ्यांसमोर खायला संकोच वाटणार नाही.